रोग नदीवरील उन्हाळी मासेमारी

रोग ही अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यातली नदी. कॅस्केड पर्वतरांगेत, क्रेटर लेकजवळच्या बाउंड्री स्प्रिंग्ज या झऱ्यांपाशी ती उगम पावते आणि सुमारे ३४६ किमी. वाहून गोल्ड बीच या गावाशी प्रशांत महासागराला मिळते. चिनूक जातीचा सामन आणि समुद्रात वाढून नदीत परतणारा स्टीलहेड हे मासे एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तिच्यातून वर चढतात. त्यांना गळाने धरणे हा या खोऱ्यातला जुना छंद आहे आणि बऱ्याच कुटुंबांचा चरितार्थही. यंदा मासे किती आले, हा प्रश्न इथे दुसरा. पहिला प्रश्न पाणी आज किती अंशांवर आहे, हा.

मराठीत नदीचे नाव वाचताना भलताच अर्थ मनात येतो. मूळ शब्दाचा अर्थ ‘लबाड, बदमाश’ असा आहे. फर-व्यापाऱ्यांनी इथल्या मूळ रहिवाशांना तो चिकटवला आणि पुढे तोच नदीचे नाव झाला.

उन्हाळा आणि मासे

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे ऋतूंचे गणित उलटे मांडायला हवे. कोकणात पहिल्या पावसाबरोबर मासे ओढ्या-शेतांत चढतात, ती वलगण. तिथे पाणी वाढले की मासा निघतो. रोगच्या खोऱ्यात पाऊस पडतो हिवाळ्यात. जुलै ते सप्टेंबर हे महिने जवळजवळ कोरडे जातात आणि नदी झऱ्यांवर, उरल्यासुरल्या बर्फावर व धरणाच्या विसर्गावर चालते. वर्षातल्या सर्वांत कमी आणि सर्वांत उबदार पाण्यातून थंड पाण्याच्या माशाने चढायचे असते.

मासेही नीट ओळखून घ्यावेत. मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण त्याचा सामनशी काही संबंध नाही. मांस चवीला चांगले, एवढेच साम्य. स्टीलहेड हा इंद्रधनुषी ट्राउटच. त्याची काही पिल्ले जन्मभर नदीत राहतात, काही समुद्रात जाऊन रुपेरी, भरदार होऊन परततात; या परतणाऱ्यांना स्टीलहेड म्हणतात. चिनूक अंडी घातल्यावर मरतो. स्टीलहेड मात्र मरतोच असे नाही, काही मासे समुद्रात परत जाऊन पुन्हा येतात.

चिनूकच्या दोन फळ्या आहेत. वसंतातली फळी एप्रिल ते जूनमध्ये नदीत शिरते आणि वरच्या भागातल्या खोल, गार कोंडींत सगळा उन्हाळा दबा धरून बसते. अंडी घालायला सप्टेंबर उजाडतो. तोवर ती काही खात नाही, अंगातल्या चरबीवर जगते. म्हणून खवय्ये याच माशाला सर्वांत जास्त मान देतात. शरदातली फळी जुलैपासून नदीच्या मुखाशी जमू लागते. उन्हाळी स्टीलहेड मेपासून येत राहतात, मात्र त्यांची अंडी घालायची वेळ थेट पुढच्या हिवाळ्यात, आणि जागा कोणती, तर उन्हाळ्यात कोरडे पडणारे लहानसहान ओहोळ. ऑगस्टमध्ये ज्या ओढ्याच्या पात्रात नुसते गोटे दिसतात, तोच जानेवारीत स्टीलहेडचे बाळंतघर असतो.

या नदीची खासियत मात्र ‘हाफ-पाउंडर’. समुद्रात गेल्यावर तीन-चार महिन्यांतच, अजून वयात न आलेला, वीतभराहून थोडा मोठा स्टीलहेड ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नदीत परततो. अंडी घालायला नव्हे. खालच्या पट्ट्यात हिवाळा काढून वसंतात तो पुन्हा समुद्रात निघून जातो. हा प्रकार रोग, क्लॅमथ, ईल अशा दक्षिण ओरेगन व उत्तर कॅलिफोर्नियातल्या मोजक्याच नद्यांत आढळतो. हाफ-पाउंडर अधाशी असतो, आमिषावर झडप घालतो; त्यामुळे नवशिक्यांना हात बसवायला आणि मुरलेल्यांना करमणुकीला तो आवडतो.

तापमान

या माशांचे बिनसायला सुरुवात होते ती साधारण २० अंश सेल्सिअसला. आपल्याकडे २० अंशांच्या पाण्यात पहाटे पाय घातला तर माणूस शहारेल, इथे त्याच आकड्याने वाटाडे, म्हणजे गिऱ्हाइकांना मासेमारीला नेणारे होडीवाले, चिंतेत पडतात. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, उलट माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. कल्ल्यांना व त्वचेला होणारे जिवाणूंचे आजारही उबदार पाण्यात फोफावतात. अशा वेळी गळाला लागून झुंजलेला मासा हलकेच सोडला, तो पोहत गेला, तरी तो जगेलच असे नाही.

याचे सर्वांत भीषण उदाहरण शेजारच्या क्लॅमथ नदीतले. सप्टेंबर २००२ मध्ये कमी आणि उबदार पाण्यात दाटीने अडकलेले किमान ३४,००० मासे, त्यांतले बहुतेक चिनूक, परजीवी व जिवाणूंच्या साथीने मेले. रोगवरचे विसर्गाचे निर्णय घेताना ही आठवण मागे असतेच.

म्हणून उन्हाळ्यात गळ टाकायची वेळ पहाटेची. २०१५ च्या दुष्काळात ओरेगनच्या वन्यजीव खात्याने राज्यभरातल्या वाहत्या पाण्यांवर दुपारी दोननंतर ट्राउट, सामन व स्टीलहेडची मासेमारी बंद केली होती. अशा अर्धवेळ बंदीला ‘हूट आउल’, म्हणजे घुबडाची पाळी, असे नाव आहे. ते आले लाकूडतोड्यांकडून: उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने ते रात्र सरता सरता काम सुरू करत आणि दुपारी कुऱ्हाडी खाली ठेवत. त्या वेळी जागी असायची ती घुबडेच.

वणव्याचा धूर ही इथल्या उन्हाळ्यातली नेहमीची गोष्ट. माणसाला तो त्रासाचा, पण दाट धुराने ऊन अडते आणि नदीचे पाणी थोडे थंड राहते, हे क्लॅमथच्या खोऱ्यातल्या मोजमापांतून दिसले आहे. डोळे चुरचुरत असताना मासे बरे लागतात, हे वाटाड्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

मुखाजवळची खाडी

रोगची खाडी लहान आहे, भरतीचे पाणी जेमतेम सहा-सात किलोमीटर आत येते. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर वायव्येचे वारे वाहतात, पृष्ठभागावरचे पाणी बाहेर ढकलले जाते आणि खोलातले गार पाणी वर येते. भर जुलैतही समुद्र दहा-बारा अंशांवर असतो. वरून येणारी नदी त्याच वेळी विशी ओलांडत असते. शरदातले चिनूक या दोहोंच्या मध्ये अडकतात. भरतीबरोबर गार, खारे पाणी जड असल्याने तळाशी पाचरीसारखे आत सरकते; मासे त्याच्यासोबत आत येतात, ओहोटीला मागे हटतात. वर जायची ओढ तर आहे, पण दारातच चटका बसतो. असे आठवडेच्या आठवडे चालते आणि खाडीत मासे साचत जातात. गोल्ड बीचची ऑगस्टमधली सगळी धामधूम या साचण्यावर उभी आहे.

इथली पद्धत होडीमागून आमिष सावकाश ओढण्याची. आमिष म्हणजे अँचोवी, आपल्या मांदेलीचा नातेवाईक. अख्खा मासा तारेत ओवून त्याच्यापुढे लहानशी चकाकती पाती लावतात. पाती फिरते, मागचा मासा गिरक्या घेतो, जखमी होऊन भेलकांडल्यासारखा. गिरकी नीट बसते का हे होडीच्या कडेला पाण्यात धरून आधी पाहतात. ती बिघडली तर दिवसभर नुसते आमिष धुणे होते. १९३२ च्या कमानदार पुलाच्या आसपास सकाळी होड्या एकामागोमाग एक फेऱ्या मारत असतात. दांडीचे टोक आधी एक-दोनदा थरथरते. नवखा तिथेच हिसका देतो आणि चिनूक हातचा जातो. जाणता हात मांडीवर ठेवून बसतो. दांडी पाण्याकडे पूर्ण वाकली, दोरी सुटू लागली, की मग उचलतो. कोकणात गरवायला बसणाऱ्याला हा संयम वेगळा शिकवावा लागणार नाही. गळाला लागलेला मासा होडीत येण्याआधी सील किंवा सागरी सिंह पळवतात, हे इथले रोजचे गाऱ्हाणे. दुपारी वारा उठला की होड्या धक्क्याला लागतात.

सप्टेंबरात रात्री गार होतात, एखादा पाऊस येतो, किंवा वरून विसर्ग वाढतो. नदी एक-दोन अंशांनी उतरली की साचलेले मासे अचानक निघून जातात. काल भरलेली खाडी आज रिकामी.

मधला आणि वरचा पट्टा

ॲपलगेट नदीच्या संगमापासून लॉब्स्टर क्रीकपर्यंतचा १३५ किमी.चा पट्टा १९६८ च्या राष्ट्रीय कायद्याने ‘वन्य व निसर्गरम्य’ म्हणून राखला गेला. त्या कायद्यातल्या पहिल्या आठ नद्यांत रोग होती. या दऱ्याखोऱ्यांतून रस्ता बहुतेक नाहीच. ग्लेन वूलड्रिज या वाटाड्याने १९१५ मध्ये ग्रँट्स पास या गावाहून गोल्ड बीचपर्यंत होडी नेली आणि १९४७ मध्ये मोटारबोटीने उलट दिशेने तो पट्टा चढून दाखवला. अवघड जागचे खडक त्याने सुरुंग लावून फोडले होते. आज कोणी तसे केले तर थेट तुरुंगात जाईल. खालच्या अंगाला गोल्ड बीचहून ॲग्नेस या गावी टपाल पोचवणाऱ्या होड्या १८९५ पासून चालल्या, आता त्यांतून टपालापेक्षा पर्यटकच जास्त जातात.

मधल्या पट्ट्यात स्टीलहेड आणि हाफ-पाउंडर खळाळाच्या शेपटीशी, गुडघाभर ते कमरभर पाण्यात सापडतात. आमिष म्हणून कृत्रिम माशी धारेला तिरकी टाकायची आणि प्रवाहाला तिला काठाकडे वाहवत आणू द्यायचे. ऊन पाण्यावर यायच्या आधीचा तास-दीड तास आणि डोंगराची सावली पडल्यानंतरची वेळ, बाकी दिवस झोपेचा.

वरचा पट्टा, म्हणजे शेडी कोव्ह या गावाच्या आसपासचा, उन्हाळ्यात सर्वांत थंड असतो. कारण सरळ आहे, तो धरणाच्या पायथ्याशी आहे. सप्टेंबरअखेर इथे चिनूक गोट्यांत खळगे करून अंडी घालतात. वाहून आलेली अंडी टिपायला स्टीलहेड त्यांच्या खालच्या अंगाला टपून राहतात, त्यामुळे लाल-नारिंगी मण्यासारखे आमिष तेव्हा हमखास चालते. खळग्यावरच्या चिनूकला त्रास न देता त्याच्या मागचा स्टीलहेड उचलणे ही वाटाड्याच्या सभ्यतेची परीक्षा मानतात.

धरण आणि पाण्याची कोठी

मुखापासून सुमारे २५० किमी.वरचे लॉस्ट क्रीक धरण अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९७७ मध्ये पुरे केले. त्याने वरच्या खोऱ्यातली वसंत चिनूकची अंडी घालायची जागा कायमची तोडली. भरपाई म्हणून १९७३ मध्ये कोल रिव्हर्स मत्स्यबीज केंद्र आधीच उभे राहिले होते. केंद्रात वाढलेल्या पिल्लांचा पाठीवरचा शेपटीजवळचा लहान मांसल पर कापतात. स्टीलहेड हाती आल्यावर आधी तो पर आहे का ते पाहायचे. असेल तर मासा जंगली, आणि जंगली मासा सहसा सोडायचा. नेमके नियम दरवर्षी, पट्ट्यागणिक बदलतात.

पण याच धरणाच्या मनोऱ्याला वेगवेगळ्या खोलीवर दारे आहेत. तलावाच्या कोणत्या थरातले पाणी सोडायचे हे ठरवता येते, म्हणजे नदीचा उन्हाळा थोडासा माणसाच्या हातात आला. गार पाणी ही कोठी आहे, नळ नव्हे. जुलैत सढळ हाताने सोडले तर सप्टेंबरात, शरद चिनूक खाडीतून निघायच्या वेळी, तळ लागतो. हात आखडता घेतला तर जुलैतच खालचे मासे गुदमरतात. शिवाय शरदात तलावातून येणारे पाणी नैसर्गिक नदीपेक्षा उबदार असते, त्यामुळे अंडी लवकर फुटून पिल्ले अवेळी बाहेर पडतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असेही आढळले, की धरणानंतर रोगमधल्या चिनूकमध्ये लवकर चढणाऱ्या जनुकप्रकाराचे प्रमाण घटले. धरणाने गार पाणी दिले, पण ज्या माशाला लवकर यायचे कारण होते त्याचे ते कारणच काढून घेतले.

खालचे अडथळे मात्र एकामागून एक गेले. गोल्ड हिलचा बंधारा २००८ मध्ये, १९२१ चा सॅव्हेज रॅपिड्स २००९ मध्ये आणि १९०४ चा गोल्ड रे २०१० मध्ये पाडला. एल्क क्रीक या उपनदीवरचे अर्धवट धरण २००८ मध्ये खाच मारून मोकळे केले. आता लॉस्ट क्रीकपासून समुद्रापर्यंत मुख्य प्रवाहात एकही बांध नाही.

मालकीचे भांडण

नदीकाठच्या टकेल्मा, टुटुटनी इत्यादी लोकांचे जगणे सामनवर होते. १८५५–५६ च्या युद्धानंतर त्यांना उत्तरेकडे सिलेट्झ व ग्रँड रोंडच्या राखीव भागांत हाकलण्यात आले. पुढे आर. डी. ह्यूम याने मुखाशी सामनचा डबाबंद कारखाना काढला आणि मरेपर्यंत, म्हणजे १९०८ पर्यंत, खालची नदी जवळपास खाजगी मालमत्तेसारखी चालवली. जाळ्यांनी धरणारे आणि गळाने धरणारे यांच्यातला तंटा त्यानंतरही धुमसत राहिला. १९३५ मध्ये रोगवरची व्यापारी मासेमारी बंद झाली आणि गळवाल्यांची सरशी झाली. टकेल्मा वंशाच्या ॲग्नेस बेकर पिल्ग्रिम यांनी १९९४ मध्ये सामनचा जुना विधी पुन्हा सुरू केला. त्यात पहिला मासा सगळ्यांनी वाटून खायचा आणि त्याची हाडे नदीला परत द्यायची असतात.

आजचा वाटाडा पहाटे होडी सोडण्याआधी फोनवर दोन आकडे पाहतो. एक ग्रँट्स पास किंवा ॲग्नेसच्या मोजणी केंद्रावरचा प्रवाह, जो भर उन्हाळ्यात दोन हजार क्युसेकच्या अल्याडपल्याड असतो, आणि दुसरा पाण्याचे तापमान. दुसरा आकडा वर सरकत असेल, तर काही जण गिऱ्हाइकाला फोन करून दिवस दुपारपूर्वी आटोपेल असे आधीच सांगून टाकतात.