अंबर की कोपल? लेझरला विचारा

मधाच्या रंगाचा मणी मिठाच्या दाट पाण्यात तरंगला, लोकरीवर घासल्यावर कागदाचे कपटे ओढू लागला, की विकणारा छातीठोकपणे सांगतो, "अस्सल अंबर!" अंबर म्हणजे जमिनीखाली मुरून टणक झालेली झाडाची राळ. या परीक्षेत बेकलाइट हे नकली मण्यांचं प्लास्टिक नापास होतं, कारण ते जड, बुडतं. कोपल मात्र पास. तीही झाडाचीच राळ. तरंगते, आणि तिच्यातही मुंगी अडकलेली सापडते. ऍसिटोनचा थेंब टाकला तर कोपल चिकट होते खरी, पण महागड्या मण्यावर तो कोण टाकू देणार?

खरा फरक वयाचा. बाल्टिक अंबर सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वीचं. मादागास्करची कोपल कधीकधी जेमतेम काहीशे वर्षांची. ताज्या राळेच्या रेणूंत कार्बनचे दुहेरी बंध भरपूर असतात. जमिनीखाली ते हळूहळू संपतात, रेणू एकमेकांत गुंततात आणि राळ टणक होते. लोणचं किती मुरलंय ते चवीवरून कळतं, तसं राळेचं या बंधांवरून.

हे बंध दिसतात रामन वर्णपटात. लेझरचा बहुतेक प्रकाश आहे त्याच रंगात विखुरतो. अगदी थोडा रेणूंच्या कंपनांमुळे रंग बदलून परततो. कोलकात्यात 1928 साली सी. व्ही. रामन यांना हेच दिसलं, तेही लेझर नसताना. या परतलेल्या प्रकाशाच्या आलेखात (रंग किती बदलला ते 'प्रति सेंटिमीटर'मध्ये मोजतात) 1646 प्रति सेंटिमीटरजवळचं शिखर दुहेरी बंधांचं, 1450 जवळचं कार्बन-हायड्रोजन गटांचं. कोपलमध्ये पहिलं शिखर सहसा दुसऱ्यापेक्षा उंच, मुरलेल्या अंबरमध्ये ठेंगणं. पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचा मणी तर 1001 जवळच्या टोकदार शिखरानं लगेच पकडला जातो.

लेझर कुठलाही चालत नाही. हिरवा लावला तर अंबर स्वतःच इतकं चमकतं की रामनचा क्षीण प्रकाश त्यात बुडून जातो. म्हणून बरेचदा 1064 नॅनोमीटरचा अवरक्त लेझर वापरतात.

खरी डोकेदुखी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरसारख्या बंद भांड्यात, शिजवलेल्या कोपलची. बाजारातलं बरंचसं 'ग्रीन अंबर' तेच असतं. उष्णतेनं आणि दाबानं दुहेरी बंध घटतात, त्यामुळे शिखरांची उंची फसवू शकते. अशा वेळी माझ्या मते नुसत्या रामनवर निकाल देऊच नये. जोडीला अवरक्त शोषणाचा, म्हणजे मणी कुठला अवरक्त प्रकाश किती शोषतो त्याचा, आलेखही काढावा. बाल्टिक अंबर असेल तर 1250 ते 1175 प्रति सेंटिमीटरच्या दरम्यान रेषा खांद्यासारखी सपाट होते. कोपलमध्ये तो खांदा नसतो.