गड्ड्यात घेतलेलं 'अंतरा' पुन्हा कधी घ्यायचं?

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजारी विड्यांवर ठरते. दवाखान्याच्या रांगेत अर्धा दिवस गेला की तेवढ्या विड्या कमी. मग पाळणा लांबवायचा असला तरी 'पुढच्या आठवड्यात बघू' होतं, आणि तोवर दिवस राहिलेले असतात. गर्भनिरोधकं अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या बैठकीला न्यायची ती यासाठीच. मात्र तिथवर पोचलेलं साधन बहुतेक वेळा फसतं ते तारखेत.

उदाहरणार्थ 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन. सरकारी योजनेत ते २०१७ पासून मोफत मिळतं. त्यातलं १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बीजांड बाहेर पडू देत नाही, आणि त्याचा हिशेब १३ आठवड्यांचा आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, १४ जानेवारीला घेतलं तर पुढचं १५ एप्रिलला, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी. दोन आठवडे आधी घेतलं तरी चालतं, चार आठवडे उशीरही चालतो. म्हणजे १ एप्रिल ते १३ मे. कार्डावर नुसता आकडा लिहिण्यापेक्षा असा सण सांगितला की घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या सुनेच्याही पक्का लक्षात राहतो. मुदत उलटली तर दिवस राहिलेत का हे बघायला आधी लघवीची तपासणी, मगच सुई.

पहिली सुई डॉक्टरांनी तपासल्यावरच; पुढच्या नर्सताई देऊ शकतात. कुपीत औषध तळाशी बसतं, ती नीट हलवली नाही तर डोस अपुरा जातो. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, नाहीतर औषध लवकर उतरतं. आपल्याकडे सुई टोचली की हात आपोआप चोळायला जातो, तेव्हा हे दोनदा सांगावं. काही महिन्यांनी पाळी बंद होते आणि सासू म्हणते, 'घाण रक्त आत साठतंय.' साठत काहीच नाही. गर्भाशयाचं अस्तर जाड होत नाही, म्हणून पडायलाही काही नसतं. हे पहिल्या सुईआधी सांगितलं नाही तर दुसऱ्या सुईला बाई येत नाही. शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही आधीच सांगावं. वर्षभरात मूल हवं असलेल्या नवविवाहितेसाठी ही सुई नव्हे.

'छाया' लखनौच्या प्रयोगशाळेत शोधलेली, हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो रविवार असेल तर दुसरी बुधवारी, आणि तीन महिन्यांनंतर फक्त रविवारी. पाकिटात आठ गोळ्या असतात, म्हणजे सुरुवातीला पाकीट महिनाभर पुरतं, पुढे दोन महिने. घोटाळा होतो तो या बदलाच्या वेळी, म्हणून आशाताईंनी त्या आठवड्यात घरी डोकवावं. सात दिवसांहून जास्त चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. पीसीओएस (बीजांडकोशाचा हार्मोनशी निगडित विकार) किंवा यकृताचा आजार असेल तर ही गोळी नको.

'माला-एन' ही हार्मोन असलेली गोळी, रोज घ्यायची. विडी ओढणारी पस्तिशीपुढची बाई असेल, तर नाही. विड्या वळणारीला हा नियम लागत नाही, पण बीपी मोजल्याशिवाय सुरू करू नये. १४०/९० किंवा जास्त असेल तर दुसरं साधन. अंगावर पाजणाऱ्या आईला ही गोळी सहा महिन्यांनंतर, 'अंतरा' सहा आठवड्यांनंतर, 'छाया' मात्र बाळंतपणानंतर कधीही.

आणि पहिलं बाळंतपण माहेरी! मुलगी तीन-चार महिने अक्कलकोटला राहते. सासरच्या आशाताईंच्या वहीत तिचं नाव असतं, भेट नसते. सातव्या महिन्यातच साधन ठरवून कार्डावर लिहिलं तर ते माहेरच्या नर्सताईंना वाचता येतं.

आडोसा हा खरा अवघड भाग. बैठकीत 'कोणाला गोळ्या हव्यात?' विचारलं तर एकही हात वर होणार नाही. त्यापेक्षा सगळ्यांचा बीपी आतल्या खोलीत, एकेकीचा बघावा. पट्टा सुटेपर्यंतची दोन मिनिटं बोलायला पुरतात, आणि बाहेर बसलेल्या जावेला कोण कशासाठी आत गेली ते कळत नाही. नवऱ्याची सही कुठल्याच साधनाला लागत नाही.

निरोधचा खोका अंगणवाडीच्या पत्र्याखाली ठेवू नका. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, रबर कडक होतं आणि ऐनवेळी फाटतं. माठाच्या कोपऱ्यातलं कपाट बरं, फक्त ओल लागू देऊ नका.