प्रॉपर्टी : क्लासमधली, गेटर-सेटरवाली

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये (ओओपी) प्रॉपर्टी म्हणजे क्लासचा, म्हणजे डेटा आणि त्यावरची कामं एकत्र बांधणाऱ्या साच्याचा, असा मेंबर जो बाहेरून वापरताना साध्या व्हेरिएबलसारखा दिसतो पण आतून मेथड म्हणजे काम करणारा कोडचा तुकडा असतो, बहुतेक वेळा दोन मेथड, एक व्हॅल्यू देणारी म्हणजे गेटर आणि एक व्हॅल्यू घेणारी म्हणजे सेटर. खरा डेटा प्रायव्हेट फील्डमध्ये, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या क्लासच्या व्हेरिएबलमध्ये राहतो, बाहेरच्या कोडला त्याच्याशी जे काही करायचं ते या दोघांमार्फत. मराठीत लिहिताना काही जण गुणधर्म म्हणतात, बोलताना मात्र सगळे प्रॉपर्टीच, आणि घरात फोनवर "प्रॉपर्टीचा घोळ झालाय" म्हटलं की आईबाबांच्या डोळ्यासमोर आधी सातबारा येतो.

उदाहरण म्हणून दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर घ्या. नोंदीच्या क्लासमध्ये लिटर, फॅट आणि दर आहेत. फॅट पब्लिक फील्ड म्हणून उघडं ठेवलं तर टायपिंगच्या घाईत ४.२ चं ४२ झालं तरी क्लासला पत्ता लागत नाही, बिल निघून जातं. तेच प्रॉपर्टी केलं तर सेटरमध्ये मर्यादा तपासता येते आणि चुकीचा आकडा दारातूनच परत पाठवता येतो. दराचं अजून वेगळं आहे, आज तो नोंदीत साठवलेला असेल, उद्या फॅट आणि एसएनएफवरून (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दर वेळी काढायचा ठरलं तर गेटरच्या आतलं बदलायचं, बाहेर ज्या पन्नास ठिकाणी दर वाचलाय तिथे एका अक्षराला हात लावायचा नाही.

उगम : इथे मतभेद आहेत. डेटा लपवायचा हा विचार प्रॉपर्टीपेक्षा जुना. १९७२ च्या डेव्हिड पार्नास यांच्या शोधनिबंधाला सहसा त्याचं श्रेय देतात, आणि ते योग्यच आहे, फक्त पार्नास म्हणत होते की बदलू शकणारे डिझाइनचे निर्णय लपवा, आणि पुढे कॉलेजच्या वायवामध्ये त्याचं "सगळे व्हेरिएबल प्रायव्हेट करा" एवढंच उरलं. क्लास ही कल्पना ज्या सिम्युला ६७ मधून आली, ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी केलेली, तिच्यात सुरुवातीला लपवाछपवीची सोयच नव्हती, हिडन आणि प्रोटेक्टेड हे शब्द साधारण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मागाहून जोडले गेले. झेरॉक्स पार्कच्या स्मॉलटॉकने दुसरं टोक गाठलं, तिथे ऑब्जेक्टचे, म्हणजे क्लासच्या साच्यातून बनलेल्या वस्तूचे, व्हेरिएबल बाहेरून दिसतच नाहीत, मेसेज पाठवायचा, आणि व्हेरिएबलच्याच नावाची मेथड लिहायची पद्धत तिथे रुळली.

पण मेथड लिहिणं वेगळं आणि ती व्हेरिएबलसारखी दिसणं वेगळं, आणि वाद या दुसऱ्या गोष्टीवर आहे. लोकप्रिय लिखाणात श्रेय डेल्फीला, बोर्लंड कंपनीच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनाला, देतात. डेल्फी १४ फेब्रुवारी १९९५ ला आलं, त्याच्या ऑब्जेक्ट पास्कलमध्ये प्रॉपर्टी हा सरळ भाषेचाच शब्द होता, पुढे रीड आणि राइट लिहून कुठलं फील्ड किंवा कुठली मेथड वापरायची ते सांगायचं. व्हिज्युअल बेसिकवाले (व्हीबी, मायक्रोसॉफ्टची भाषा) लगेच हात वर करतात की १९९१ च्या पहिल्या व्हर्जनपासून आमच्याकडे प्रॉपर्टीची खिडकी होती, फॉर्मच्या कॅप्शनला नवा मजकूर दिला की स्क्रीनवरचा मथळा त्याच क्षणी बदलायचा, म्हणजे मागे काहीतरी कोड चालत होताच. मुद्दा खरा आहे, पण त्या प्रॉपर्टी तयार कंट्रोलच्या होत्या, स्वतःच्या क्लासला गेट, लेट आणि सेट लिहून प्रॉपर्टी द्यायची सोय व्हीबी ४ मध्ये मिळाली, तेही १९९५ मध्येच आणि डेल्फीनंतर काही महिन्यांनी.

तिसरं मत कमी ऐकू येतं पण पुराव्याला जास्त भक्कम वाटतं. एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकात केलेल्या क्लू भाषेत एक्स, टिंब, नाव असं लिहिलं की कंपायलर (कोड मशीनला कळेल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम) त्याचं गेट लावून त्या नावाचं फंक्शन करायचा, आणि तेच बरोबर-चिन्हाच्या डावीकडे आलं की सेट लावून. १९७९ च्या मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे. क्लूमध्ये क्लास नव्हते, क्लस्टर होते, इन्हेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा बनवणं) नव्हता, म्हणून ओओपीच्या इतिहासात तिला मागच्या बाकावर बसवतात. बर्ट्रांड मेयर यांनी १९८८ मध्ये यालाच तत्त्वाचं रूप दिलं, माहिती साठवलेली आहे की तेव्हाच्या तेव्हा काढलेली आहे हे वापरणाऱ्याला लिहिण्यावरून कळू नये, याला युनिफॉर्म अ‍ॅक्सेस म्हणतात. त्यांच्या आयफेल भाषेत वाचायला हे तत्त्व पहिल्यापासून लागू होतं, बाहेरून थेट व्हॅल्यू टाकायची मात्र बंदी होती, ती सोय बरीच नंतर आली. थोडक्यात युक्ती क्लूची आणि नाव-रूप डेल्फी-व्हीबीचं असं धरलं तर फारसं चुकणार नाही.

सी शार्पमध्ये : डेल्फीचे मुख्य आर्किटेक्ट अँडर्स हेल्सबर्ग १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि २००० मध्ये जाहीर झालेल्या सी शार्पमध्ये प्रॉपर्टी आली, हा धागा सरळ आहे. कंपाइल झाल्यावर प्रॉपर्टीच्या दोन मेथड होतात, नावापुढे गेट आणि सेट लागतं, सेटरला आलेली व्हॅल्यू आत "व्हॅल्यू" याच नावाने मिळते. साधा गेटर असेल तर जिट (प्रोग्रॅम चालताना मशीन कोड बनवणारा कंपायलर) तो बहुतेक वेळा इनलाइन करून टाकतो, म्हणजे कॉलच्या जागी आतला कोडच बसवतो, त्यामुळे स्पीडची भीती फुकट आहे. गेटर पब्लिक आणि सेटर प्रायव्हेट असं वेगळं ठेवणं २००५ च्या २.० व्हर्जनपासून, फील्ड न लिहिता ऑटो प्रॉपर्टी २००७ च्या ३.० पासून, फक्त ऑब्जेक्ट बनवताना व्हॅल्यू घेणारा इनिट २०२० च्या ९.० पासून, आणि ऑटो प्रॉपर्टीच्या लपलेल्या फील्डला आतून हात लावू देणारा फील्ड हा शब्द २०२५ च्या १४ पासून.

व्हेरिएबलसारखी दिसते म्हणून व्हेरिएबल समजून वागलं की फटके बसतात. सी शार्पमध्ये प्रॉपर्टी रेफ किंवा आउटने, म्हणजे मेथडला मूळ व्हेरिएबलच बदलू देणाऱ्या पद्धतीने, पाठवता येत नाही (व्हीबी डॉट नेटमध्ये चालतं, तिथे कंपायलर मागे कॉपी करून परत भरतो). प्रॉपर्टी स्ट्रक्ट (देताघेताना ज्याची कॉपी होते असा प्रकार) देत असेल तर तुमच्या हातात कॉपी येते, म्हणून फॉर्मच्या लोकेशनचा एक्स थेट बदलायला गेलं की कंपायलर अडवतो, आणि बरंच करतो, नाहीतर कॉपीच बदलली असती आणि फॉर्म जागचा हलला नसता. फील्ड आणि प्रॉपर्टीच्या नावात फक्त पहिलं अक्षर स्मॉल की कॅपिटल एवढाच फरक ठेवायची सवय असते, त्यात गेटरमध्ये चुकून कॅपिटलवालं लिहिलं की गेटर स्वतःलाच बोलवत बसतो, स्टॅक (चालू कॉलची नोंद ठेवणारी जागा) भरतो आणि प्रोग्रॅम आडवा, चुका पकडणारं ट्राय-कॅच लावूनही वाचत नाही. हा बग एकदाही केला नाही असा सी शार्पवाला शोधावा लागेल. डीबगरच्या (कोड थांबवून तपासायच्या साधनाच्या) वॉच विंडोत प्रॉपर्टी टाकली तर गेटर खरंच चालतो, त्यामुळे गेटरमध्ये काही मोजदाद वाढवत असाल तर नुसतं बघितल्यानेही आकडा बदलतो.

आधी पब्लिक फील्ड ठेवू, गरज पडली तर प्रॉपर्टी करू, असं म्हणणारे असतात. सोर्स कोड बहुतेक तसाच चालेलही, पण आधी कंपाइल झालेल्या डीएलएलला (तयार कोडच्या फाइलला) ते फील्ड सापडत नाही, सगळं पुन्हा कंपाइल करावं लागतं.

टीका : प्रत्येक प्रायव्हेट फील्डला डोळे झाकून गेटर-सेटर जोडायचे तर प्रायव्हेट कशाला केलं हा प्रश्न रास्त आहे. जावाच्या जगात अ‍ॅलन होलब यांनी २००३ मध्ये गेटर-सेटरवर सडकून टीका केली होती, ऑब्जेक्टकडून माहिती मागून काम स्वतः करू नका, ऑब्जेक्टलाच काम सांगा, असा त्यांचा रोख. ते टोकाचं वाटतं कारण स्क्रीनवर काही दाखवायचं तर डेटा बाहेर द्यावाच लागतो, पण सेटरबद्दल त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. गेटर एकटा असला म्हणजे सुरक्षित असंही नाही, त्याने आतली लिस्टच परत दिली तर बाहेरचा माणूस सेटरशिवाय तिच्यात भर घालतो, म्हणून कॉपी द्यायची नाहीतर फक्त वाचता येणारं रूप.

प्रायव्हेट किती प्रायव्हेट : सी++, जावा, सी शार्पमध्ये प्रायव्हेट हे क्लासपुरतं असतं, ऑब्जेक्टपुरतं नाही, त्याच क्लासचा दुसरा ऑब्जेक्ट खुशाल आत बघतो. जावा आणि सी शार्पमध्ये रिफ्लेक्शन (चालू प्रोग्रॅममधून क्लासच्या आतलं बघायची-बदलायची सोय) वापरून बाहेरूनही घुसता येतं, जावात २०२१ च्या १६ पासून जेडीकेच्या (जावाच्या स्वतःच्या संचाच्या) आतल्या बहुतेक भागांना हा रस्ता डीफॉल्टने बंद केलाय. पायथनमध्ये नावाआधी दोन अंडरस्कोअर दिले की फक्त नाव बदलतं, ते माहीत असेल तर दार उघडंच. ही कुलपं चोरासाठी नाहीत, आपल्याच टीममधल्या घाईतल्या माणसासाठी आहेत, पासवर्ड प्रायव्हेट फील्डमध्ये ठेवला म्हणून सुरक्षित झाला असं होत नाही.

इतर भाषा : जावात भाषेची प्रॉपर्टी नाही, १९९७ च्या जावाबीन्सने गेट-सेट नावांची शिस्त लावली, हो-नाही सांगणाऱ्या बूलियनला गेटऐवजी इज. पायथनला प्रॉपर्टी मिळाली २००१ च्या २.२ मध्ये, जावास्क्रिप्टच्या स्टँडर्डमध्ये २००९ ला, ऑब्जेक्टिव्ह-सीला २००७ मध्ये, पीएचपीला हुकच्या रूपात २०२४ च्या ८.४ मध्ये. कोटलिन आणि स्विफ्टमध्ये जन्मापासून. सी++ च्या स्टँडर्डमध्ये अजूनही नाही, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला स्वतःचं एक एक्स्टेन्शन आहे पण ते वापरलेला कोड सगळ्या कंपायलरवर चालत नाही.