जॉन विंचेस्टरचे पुनरागमन (‘सुपरनॅचरल’ मालिका)

जॉन विंचेस्टर हे ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी मालिकेतील डीन आणि सॅम या दोन नायकांच्या वडिलांचे पात्र. अभिनेते जेफ्री डीन मॉर्गन यांनी ते साकारले. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात (२८ सप्टेंबर २००६) जॉन मरतो. त्याच पर्वाच्या अखेरच्या भागात (१७ मे २००७) त्याचा आत्मा थोडा वेळ दिसतो. त्यानंतर जवळजवळ बारा वर्षांनी, ‘लेबनन’ या तीनशेव्या भागात (७ फेब्रुवारी २०१९), तो हाडामांसाचा माणूस म्हणून मुलांपुढे उभा राहतो. पुनरागमन म्हणतात ते मुख्यतः या भागातले. भुताखेतांच्या लांबलेल्या मालिकांत मेलेले पात्र परत येणे नवलाचे नाही. जॉनचे येणे त्यांत वेगळे ठरते, कारण ज्यांच्या मनातल्या ओढीने तो येतो त्या मुलांनाच त्याला पुन्हा निरोप द्यावा लागतो.

एरिक क्रिपके यांनी निर्माण केलेली ही मालिका १३ सप्टेंबर २००५ रोजी ‘द डब्ल्यूबी’ वाहिनीवर सुरू झाली, पुढच्या वर्षी ‘द सीडब्ल्यू’वर गेली आणि १५ पर्वे व ३२७ भागांनंतर १९ नोव्हेंबर २०२० रोजी संपली. कथा अमेरिकाभर हिंडत असली तरी चित्रीकरण बहुतांशी कॅनडात, व्हँकुव्हर परिसरात होई. कथेचे मूळ कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी आहे. २ नोव्हेंबर १९८३ च्या रात्री सहा महिन्यांच्या सॅमच्या खोलीत त्याची आई मेरी छताला खिळलेली आणि जळत असलेली जॉनला दिसते. हे कृत्य पिवळ्या डोळ्यांच्या अझाझेल या सैतानाचे. त्यानंतर जॉन भुताखेतांचा शिकारी होतो आणि दोन्ही मुलांना १९६७ च्या शेव्हरोले इम्पाला गाडीतून गावोगाव, मोटेलांमधून फिरवत वाढवतो. डीन (जेन्सन अ‍ॅकल्स) बापाची आज्ञा शिरसावंद्य मानतो. सॅम (जॅरेड पॅडलेकी) भांडून स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला निघून जातो. मालिकेच्या पहिल्या भागात डीन त्याला न्यायला येतो तो बाबांचा पत्ता नाही म्हणून. पहिले पर्व बऱ्याच अंशी या शोधाचेच आहे, आणि त्यातल्या मोजक्याच भागांत प्रत्यक्ष दिसूनही जॉन सगळ्या पर्वावर छाया धरून असतो.

त्याचा मृत्यू मालिकेतील सर्वांत परिणामकारक प्रसंगांपैकी एक आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी एक मालट्रक इम्पालावर आदळतो आणि डीन रुग्णालयात मृत्यूच्या दारात पडतो. त्याला वाचवण्यासाठी जॉन अझाझेलशी सौदा करतो : सैतानालाही मारू शकणारे ‘कोल्ट’ पिस्तूल आणि स्वतःचा आत्मा, मुलाच्या जिवाच्या बदल्यात. त्याआधी सॅमशी त्याचा नेहमीसारखा खटका उडतो. आज भांडण नको, असे म्हणून जॉन त्याला कॉफी आणायला पाठवतो. सॅम परततो तेव्हा वडील जमिनीवर कोसळलेले असतात. डीनच्या कानात मात्र त्याने जाण्यापूर्वी काही सांगितलेले असते : सॅमला वाचव, आणि वाचवता आले नाही तर त्याला मारावे लागेल. एका मुलाला निरोप मिळाला नाही आणि दुसऱ्याला मिळाला तो असा. पुढे जे परतणे घडते त्याची सगळी गरज या दोन अपुऱ्या निरोपांतून आली आहे. २००६ मध्येच मॉर्गन यांचे ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या रुग्णालयीन मालिकेतले डेनी डुकेट हे पात्रही मेले होते आणि तेही पुढे त्याच्या प्रेयसीला, इझीला, दिसू लागते. एकाच नटाची दोन गाजलेली पात्रे एकाच वर्षी मरून परत यावीत, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी वायोमिंगमधील एका दफनभूमीत नरकाचे दार उघडते. तिथून निसटलेला जॉनचा आत्मा अझाझेलला पकडून ठेवतो, डीन त्याच कोल्टने सैतानाला संपवतो आणि जॉन मुलांकडे पाहत प्रकाशात विरून जातो. सूडाची कथा इथे पुरी होते. बापलेकांचे बोलणे मात्र होत नाही, कारण तेवढा अवकाशच त्या प्रसंगात नाही.

त्यानंतरच्या वर्षांत मालिकेने मृत्यूचे नियम सैल केले. चौरस्त्यावरच्या सैतानाशी आत्म्याचा सौदा करून मेलेल्याला उठवता येते, आणि एरवी दहा वर्षांची मुदत मिळते तिथे डीनला सॅमसाठी एकच वर्ष मिळते. देवदूत नरकातून माणूस ओढून काढतात. चौथ्या पर्वाच्या आरंभी (१८ सप्टेंबर २००८) कॅस्टिएल हा देवदूत डीनला तसाच बाहेर काढतो, आणि मिशा कॉलिन्स यांचे हे पात्र स्वतःही पुढे अनेकदा मरून परतते. भावांना बापासारखा असलेला शिकारी बॉबी सिंगर (जिम बीव्हर) सातव्या पर्वात मरतो, मग भूत म्हणून घुटमळतो, नंतर स्वर्गात भेटतो, आणि तेराव्या पर्वात समांतर जगातला त्याच चेहऱ्याचा दुसराच बॉबी येतो. या सगळ्याची किंमत मालिकेने मोजली. कोणी मेले की प्रेक्षक हळहळण्याआधी ‘आता कोणत्या वाटेने परतणार’ याचा अंदाज बांधू लागे. लेखकांनाही हे जाणवत असावे. अकराव्या पर्वात बिली ही मृत्यूची दूती बजावते की पुढच्या वेळी विंचेस्टर भावांना स्वर्ग नाही आणि नरकही नाही, थेट महाशून्यात टाकले जाईल. येण्याजाण्याला पुन्हा काही वजन यावे म्हणूनच ही धमकी घातलेली दिसते.

जॉनच्या परतण्याची तयारी नकळत मेरीने करून ठेवली. अकराव्या पर्वाच्या शेवटी (मे २०१६) आदिम अंधाराचे रूप असलेली अमारा डीनला कृतज्ञतेची भेट म्हणून त्याची आई परत देते. सामंथा स्मिथ यांची मेरी मग काही काळापुरती येत नाही, तीन पर्वे कथेत राहते. मालिकेचा हा निर्णय धाडसाचा होता आणि त्यातले दुःख खरे होते. ती मेली तेव्हा तिने तिशीही गाठलेली नव्हती, आणि तिच्या आठवणीत चार वर्षांचा डीन व पाळण्यातला सॅम आहेत. समोर उभे आहेत ते तिच्याहून वयाने मोठे दिसणारे, जखमांनी भरलेले दोन पुरुष. तिला जी मुले हवी आहेत ती आता जगात नाहीत आणि मुलांना जी आई हवी आहे ती कधी नव्हतीच. म्हणून ती काही काळ घर सोडून जाते. अनेक प्रेक्षकांना हे जाणे रुचले नाही. खरे तर परत आलेल्या माणसाबद्दल मालिकेने इतके प्रामाणिक लिखाण क्वचितच केले आहे.

‘लेबनन’ हा भाग अँड्र्यू डॅब आणि मेरेडिथ ग्लिन यांनी लिहिला, रॉबर्ट सिंगर यांनी दिग्दर्शित केला. नाव पश्चिम आशियातल्या देशाचे नव्हे, कॅन्ससमधल्या लेबनन या चिमुकल्या गावाचे. सलग अमेरिकी भूभागाचा भौगोलिक मध्य याच गावाजवळ मानला जातो आणि मालिकेत भावांचे तळघरातले ठाणे आठव्या पर्वापासून इथेच आहे. या सुमारास मायकेल हा दुष्ट झालेला महादेवदूत डीनच्या मनात कोंडलेला असतो. जादूच्या वस्तूंचा व्यवहार करणाऱ्याकडून भावांच्या हाती एक मोती लागतो. मनातली सर्वांत खोल इच्छा पुरी करणे हा त्याचा गुण. मायकेल जावा म्हणून डीन मोती मुठीत धरतो. दिवे जातात, झटापट होते, आणि अंधारातून बंदूक रोखून पुढे येतो तो जॉन, थेट २००३ सालातून. त्याच्या हिशेबी सॅम अजून कॉलेजात आहे आणि मेरीला जाऊन वीस वर्षे झाली आहेत. इच्छा मागणाऱ्याने ओठांवर एक आणली आणि मोत्याने तिच्याही खालची वाचली. या भागातील सर्वांत चांगली कल्पना हीच आहे. मायकेलहून जुने आणि खोल असे डीनच्या मनात बाबांचे नसणे होते.

मग जॉन आणि मेरी समोरासमोर येतात. घरात चौघेही एकत्र आहेत, असे १९८३ नंतर प्रथमच घडते. पण २००३ मधून जॉन नाहीसा झाल्याने मधली सगळी वर्षे बदलू लागतात. गावातली ओळखीची माणसे भावांना ओळखेनाशी होतात. डीन हा फरार गुन्हेगार ठरतो, सॅम कुटुंब नसलेला नामांकित वकील. कॅस्टिएल पृथ्वीवर उतरतो तो मित्र म्हणून नव्हे. पूर्वीच मेलेल्या झकराया या देवदूतासोबत, हुकमाचा ताबेदार होऊन तो भावांवरच चालून येतो. आणि मेरी विरू लागते. भाऊ एकत्र आले नाहीत तर अमाराची गाठ पडत नाही, आणि ती नाही तर मेरीचे परतणेही नाही. या तर्कामुळे जॉनचे जगणे आणि मेरीचे जगणे एकमेकांच्या आड येतात. जॉनला हे कळते तेव्हा तो क्षणभरही घुटमळत नाही. त्याने पूर्वी डीनसाठी केले तेच तो आता मेरीसाठी करतो, फक्त या वेळी सर्वांच्या देखत आणि निरोप घेऊन.

मोती फोडला की इच्छा उलटणार आणि जॉन आपल्या काळात परतणार. त्यापूर्वी चौघे एकत्र जेवतात. अलौकिक मालिकेच्या तीनशेव्या भागाचा केंद्रबिंदू म्हणून जेवणाचे टेबल निवडावे, ही निवड मला फार योग्य वाटते. सॅम वडिलांना सांगतो की त्यांची आठवण येते तेव्हा भांडणे आठवत नाहीत, रुग्णालयातल्या जमिनीवर पडलेले ते आठवतात आणि निरोप घ्यायचा राहिला हे आठवते. जॉन चुका कबूल करून क्षमा मागतो. डीनशी बोलताना, तुला साधे आयुष्य आणि कुटुंब लाभेल असे वाटले होते, असे तो म्हणतो. माझे कुटुंब आहेच, हे डीनचे उत्तर. नंतर भांडी घासताना दोघे भाऊ बोलतात आणि बाबांना सगळे लक्षात ठेवून परत पाठवले तर हे भोग टळतील, हा विचारही पुढे येतो. डीन नकार देतो : मी जो झालो आहे त्याच्याशी माझे भांडण नाही. शेवटी सॅमच मोती चिरडतो. २००३ मध्ये गाडीत जागा झालेला जॉन फोनवर डीनला एवढेच सांगतो की एक विलक्षण स्वप्न पडले, आणि ते चांगले होते.

या समेटाला मर्यादा आहेत. जॉन हा कठोर, मुलांना सैनिकांसारखे राबवणारा बाप होता. विशेषतः डीनचे बालपण सॅमला सांभाळण्यात खर्ची पडले. त्या जखमेला ‘लेबनन’मध्ये सॅमच्या दुःखाइतकी जागा मिळत नाही, आणि जॉनवर रागावलेल्या प्रेक्षकांचा आक्षेप इथे रास्त आहे. पण बारा वर्षे अनुपस्थित राहिलेल्या पात्रावर चाळीसेक मिनिटांत पूर्ण न्यायनिवाडा करू पाहिला असता तर जेवणाचा प्रसंग उभाच राहिला नसता. मॉर्गन तोवर ‘द वॉकिंग डेड’मधील नीगन या क्रूर पात्रासाठी प्रसिद्ध झाले होते. त्यांनी इथला जॉन मात्र दमलेला आणि मऊ झालेला ठेवला, आणि ते शोभून दिसले.

त्याच चौदाव्या पर्वात मेरीही पुन्हा मरते, जॅक या अर्धदेवदूत मुलाच्या हातून, नकळत. तिला उठवण्याचा प्रयत्न फसतो आणि ती स्वर्गात जॉनसोबत सुखी असल्याचे भावांना कळते. शेवटच्या भागात स्वर्गात पोहोचलेल्या डीनला बॉबी सांगतो की तुझे आईबाबा इथेच पलीकडे राहतात, पण ते पडद्यावर येत नाहीत. तरुण जॉन आणि मेरी यांची कथा ‘द विंचेस्टर्स’ या मालिकेत आली (११ ऑक्टोबर २०२२ ते ७ मार्च २०२३). ड्रेक रॉजर आणि मेग डॉनली यांनी त्या भूमिका केल्या आणि निवेदन डीनच्या आवाजात होते. हे जोडपे समांतर जगातले असल्याचे अखेरीस उघड झाले, त्यामुळे मूळ जॉनचा इतिहास तसाच राहिला. ही मालिका १३ भागांच्या एकाच पर्वानंतर थांबली.