वळचणीतली वाट

डिचोलीच्या आमच्या जुन्या घरात मृगाआधी कौलं शाकारायला माणूस चढला की माळ्यावरून त्याला कौलं पुरवायचं काम आम्हा मुलांकडे असायचं. भर दुपारी तिथे तापायचं, पण कोंदटायचं नाही. कौलांच्या सांध्यांतून उजेडाच्या बारीक रेघा उतरायच्या, चुलीचा धूर त्याच सांध्यांतून बाहेर पडायचा. वळचणीला भिंतीची माथ आणि वासे यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती. तिथून आत आलेला वारा पाख्याच्या पोटाशी घसटत आढ्याकडे निघून जायचा. आज छतावर ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवणारी काचतंतूंची गादी, अंथरण्याआधी वासावाशांमध्ये बॅफल नावाची जी पन्हळीसारखी पट्टी बसवतात, ती हीच फट राखण्यासाठी.

त्या फटीचा इतिहास कौलांपासून सुरू होतो. गोव्यातली जुनी छपरं नळ्यांची. कुंभाराने घडवलेले अर्धगोल नळे एक उताणा, एक पालथा असे रचलेले, त्यामुळे जागोजागी वारा शिरायचा. सपाट, एकमेकांत अडकणारं कौल फ्रान्सच्या अल्सास भागातल्या जिलार्दोनी बंधूंचं. त्याचं पेटंट 1841 चं. 1865 मध्ये बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे 'मंगळुरी कौल' हे नावच किनारपट्टीभर रूढ झालं. एका चौरस मीटरला साधारण 15 कौलं लागतात. म्हणजे तेवढ्या जागेत कितीतरी सांधे, आणि प्रत्येक सांध्यातून थोडीथोडी हवा. पाऊस अडवायचा पण वाफ अडवायची नाही, ही करामत त्या सांध्यांची आहे. मोठ्या घरांच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, खाली लाकडी छत असलं, तरी कडेला नक्षीची जाळी ठेवलेली दिसते. खोलीतली गरम हवा तिथून माळ्यावर जायची आणि माळ्यावरून कौलांबाहेर.

1961 नंतरच्या दशकांत स्लॅब आला. मग कौलांखाली प्लायवूड, त्यावर डांबरी मेम्ब्रेन, खाली जिप्समचं छत आणि खोलीत एसी. गळती थांबली, पण सांधे मुके झाले. आता वाऱ्याला वळचण आणि आढं एवढेच दोन मार्ग उरले.

बॅफल जन्मला तो मात्र थंड मुलखात. अमेरिकेत हिवाळ्यात घरातली उबदार वाफ माळ्यावर चढून थंड फळ्यांवर दव धरायची. यावर 1930 च्या दशकात तिथे प्रयोग झाले, आणि 1942 मध्ये सरकारी गृहकर्जाच्या मानकांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या 1/300 इतकी हवेची वाट ठेवण्याचा नियम आला. 1973 च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवण्यासाठी छतावर उष्णतारोधक जाड थर घालण्यावर भर आला. थर जाड झाला की कडेला जिथे पाखं खाली उतरतं, तिथली वाट हमखास बुजते. म्हणून ती बॅफलची पट्टी. छपराची फळी आणि थर यांच्यामध्ये निदान 1 इंच मोकळी जागा हवी, असं तिथला बांधकाम नियम सांगतो.

हे सगळं गोव्यात जसंच्या तसं उचलता येत नाही, आणि माझा आग्रह इथेच आहे. आपल्याकडे वाफ बाहेरून येते. पावसाळ्यात दमट वारा एसीने गार झालेल्या जिप्समला भिडला की तिथे पाणी सुटतं. आमच्या घराच्या नव्या भागात ठेकेदाराने ग्लासवूल वळचणीपर्यंत कोंबून भरलं होतं. पहिला पावसाळा सरला तेव्हा प्लायवूडवर काळे ठिपके उठले होते आणि कोपऱ्यातलं ग्लासवूल हाताला ओलं लागत होतं. कौलांखाली झिरपलेल्या पाण्याला वाळायला वारा नव्हता. जो थोडा शिरत होता, तो थरातून जात त्याचा गुणच घालवत होता. बॅफल दोन्ही गोष्टी सांभाळतो: वारा थराच्या वरून जातो, आतून नाही. जिप्समच्या वरच्या अंगाला मात्र वाफ पोचू नये म्हणून थर कुठेही फट न ठेवता अंथरावा लागतो, आणि त्याचं फॉइल, म्हणजे वाफ अडवणारा चकचकीत धातूचा पापुद्रा, वर, दमट बाजूला हवं. ते काम बॅफल करत नाही.

कौलांखाली नुसत्या रिपा (आडव्या लाकडी पट्ट्या) असतील, प्लायवूड नसेल, तर वाळण्याचं बरंचसं काम सांधे अजून करतात. तिथे बॅफलचं मुख्य काम थराला वाऱ्यापासून जपण्याचं.

निवड करताना पुठ्ठ्याचा बॅफल इथे घेऊच नये, एका पावसाळ्यात तो वाकतो. पीव्हीसीचा किंवा कडक फोमचा घ्यावा. वासावाशांतलं अंतर प्रत्येक गाळ्यात मोजावं, जुन्या घरात ते सारखं कधीच नसतं. बॅफलचं खालचं टोक भिंतीच्या माथेपर्यंत आणि वरचं थराच्या उंचीपेक्षा वर यायला हवं. वळचणीला बारीक जाळी हवीच, नाहीतर उंदीर आणि वटवाघळं घर करतात. आणि हे सगळं ग्लासवूल अंथरण्याआधी, कारण नंतर त्या अरुंद कोपऱ्यात हात पोचत नाही.

दुसऱ्या खेपेला आमच्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, पालथं पडून, बॅटरी दातांत धरून एकेक गाळा साधला. मग ऐन दुपारी, छप्पर तापलेलं असताना, बाहेरून वळचणीशी उदबत्ती धरली. धूर जाळीतून आत ओढला जाऊन आढ्याकडे गेलेला दिसला, तेव्हाच त्यांनी ग्लासवूलचे गठ्ठे सोडू दिले.