ऑफिस सुटतं, डोकं सुटत नाही

घरच्यांना वेळ द्या, असं सांगणाऱ्यांचा सगळा रोख घड्याळावर असतो. पण साडेआठला घरी पोचलेला बाप जेवायला बसतो, मुलगी वर्गातलं भांडण रंगवून सांगत असते आणि हा नुसता ‘हं, हं’ करत असतो. वेळ दिला म्हणायचं, पण डोकं अजून न पाठवलेल्या मेलपाशीच अडकलेलं. मानसशास्त्रज्ञ जवळजवळ शंभर वर्षं या अडकण्याचा माग काढत आहेत.

1920च्या दशकात बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या हाताखाली दोन तरुणी संशोधन करत होत्या. त्यांपैकी ब्लूमा झायगार्निक यांनी लोकांना कोड्यांसारखी छोटी कामं दिली आणि निम्मी मध्येच थांबवली. नंतर विचारलं, तर अर्धवट राहिलेली कामं लोकांना जास्त आठवत होती. 1927 साली छापलेला हा निष्कर्ष पुढे पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. मारिया ओव्सियांकिना यांनी वेगळं काही तपासलं. काम थांबवून माणसाला मोकळं सोडलं, तर तो काय करतो? कुणी सांगितलेलं नसताना, बक्षीस नसताना बहुतेक जण पुन्हा त्याच कामाकडे वळले.

गंमत अशी, की नाव झालं पहिल्या प्रयोगाचं आणि टिकला दुसरा. 2025 साली अशा सगळ्या जुन्या-नव्या प्रयोगांचा एकत्रित हिशोब मांडला गेला, तेव्हा जास्त आठवण्याचा परिणाम भरवशाचा ठरला नाही. कामाकडे परत ओढलं जाणं मात्र खरं निघालं. रात्री मोबाइलकडे जाणारा हात बघून घरातले ‘व्यसन लागलंय’ म्हणतात. कधीकधी ते नुसतं अर्धवट काम असतं.

मग सगळं उरकल्याशिवाय सुटका नाही? तसं असतं तर कुणालाच संध्याकाळ मिळाली नसती. ई. जे. मासिकॅम्पो आणि रॉय बॉमायस्टर यांनी 2011 साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. राहिलेल्या कामांची आठवण करून दिल्यावर लोकांचं वाचनात लक्ष लागेना. ज्यांना ती कामं कधी, कुठे, कशी करणार हे नेमकं ठरवायला लावलं, त्यांना मात्र हा त्रास झाला नाही. कामं तेवढीच बाकी होती. मेंदूला काम झालेलंच हवं असतं असं नाही, त्याची सोय लागलेली पुरते.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातला 2018चा प्रयोगही याच अंगाने जातो. 57 तरुणांपैकी काहींनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, बाकीच्यांनी झालेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली आणि यादी जितकी बारकाईने लिहिलेली, तितकी झोप लवकर. एका रात्रीचा, धडधाकट तरुणांवरचा छोटा प्रयोग आहे, त्यामुळे निद्रानाशावरचा इलाज म्हणून त्याकडे बघू नये. पण ऑफिसातून निघताना करून बघायला काय हरकत आहे? ‘रिपोर्ट बघणे’ असं मोघम नको. ‘उद्या साडेदहाला तिसरा तक्ता तपासून साहेबांना पाठवणे’ असं लिहायचं.

हे सगळं ज्याचं काम ऑफिसात संपतं त्याला लागू. केंद्र सरकारच्या 2024च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात आणि पुरुष 88, असं दिसलं. नोकरी करणाऱ्या बाईची ऑफिसची यादी मिटते तिथे दुसरी उघडते : विरजण लावलं का, छोले भिजत घातले का, पाणी किती वाजता येणार, सासूबाईंच्या गोळ्या किती उरल्यात. लक्षात ठेवण्यात गेलेली मिनिटं तर या आकड्यात धड मोजलीही जात नाहीत. ‘तू फक्त सांग, मी आणतो’ म्हणणारा नवरा भाजी आणतो खरा, पण भाजी संपत आली हे ध्यानात ठेवणं तिच्याकडेच राहतं. तिच्या डोक्यातली ओळ खोडली जायची, तर संपत आलेल्या गोळ्यांवर नजरही त्यानेच ठेवायला हवी आणि दुकानातही न सांगता त्यानेच जायला हवं.