मॅकडॅनियल्सचा हिशेब मांडायचा तर ब्रेडीचं काय करायचं?

अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटरच्या, म्हणजे आक्रमणाची आखणी करणाऱ्या प्रशिक्षकाच्या, कामगिरीची चिरफाड करणं ही तशी अलीकडची सवय. पूर्वी चाल ठरवायचा तो मैदानावरचा क्वार्टरबॅकच, म्हणजे चेंडू हातात घेऊन पास फेकणारा खेळाडू. क्लीव्हलंडचा प्रशिक्षक पॉल ब्राऊनने हा हक्क मैदानाबाहेर ओढला. दर चालीला गार्ड (पुढच्या फळीतला खेळाडू) बदलायचा आणि आत जाणाऱ्याबरोबर निरोप धाडायचा, ही त्याची पद्धत. १९५६ मध्ये त्याने क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओही बसवून पाहिला, पण एनएफएल या व्यावसायिक लीगने तो लगेच बंद पाडला. १९९४ मध्ये मात्र एनएफएलने अशा रेडिओला मान्यता दिली. तेव्हापासून चाली सांगणाऱ्याच्या नावावर यशापयशाचं खातं उघडलं गेलं.

हे खातं किती फसवं असतं, ते जॉश मॅकडॅनियल्सच्या कारकिर्दीत दिसतं. २००१ मध्ये तो न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये किरकोळ पदावर लागला आणि २००६ मध्ये को-ऑर्डिनेटर झाला. पुढच्याच वर्षी संघाने साखळीतले सगळे १६ सामने जिंकले, ५८९ गुण केले. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचे ५० टचडाऊन पास (टचडाऊन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून गुण मिळवणं) आणि रँडी मॉसने झेललेले २३, दोन्ही तेव्हाचे विक्रम. आता यात मॅकडॅनियल्सचं किती? (शिवाय ५८९ मध्ये बचावफळीने केलेले टचडाऊनही मिसळलेले आहेत, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.)

उत्तराच्या जवळ जाणारं वर्ष २००८ आहे. पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला. बदली आलेला मॅट कॅसल हायस्कूलनंतर एकाही सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून सुरुवातीपासून खेळलेला नव्हता. मॉस, वेल्कर हे पास झेलणारे तेच होते, हे खरं. तरी त्या संघाने ४१० गुण केले आणि ११ सामने जिंकले. माझ्या मते २००७ पेक्षा हीच मॅकडॅनियल्सची मोठी कमाई.

त्या जोरावर डेन्व्हरच्या संघाने त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. पहिले सहा सामने सलग जिंकले, पण दुसरा हंगाम संपायच्या आत त्याला काढलं. २०११ मध्ये सेंट लुईस रॅम्सचा को-ऑर्डिनेटर म्हणून तो १९३ गुणांवर अडकला, लीगमध्ये सर्वांत कमी. टीकाकार हा आकडा अजून तोंडावर फेकतात. पण त्या वर्षी संघमालकांनी खेळाडूंशी झालेल्या वादात केलेल्या टाळेबंदीमुळे हंगामापूर्वीचा सराव बुडाला होता. नव्या प्रशिक्षकाची नवी पद्धत खेळाडूंनी शिकायची कधी? त्यात क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड सहा सामन्यांना मुकला.

२०१२ मध्ये तो पेट्रियट्सकडे परतला. २०१४, २०१६ आणि २०१८ च्या हंगामांत सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले, त्यातला एक २८-३ असा पिछाडीवरून. सगळे ब्रेडीबरोबर, त्यामुळे जुनी शंका तशीच राहिली. ब्रेडी गेल्यावर २०२० मध्ये कॅम न्यूटनबरोबर ७ विजय, ९ पराभव. २०२१ मध्ये नवख्या मॅक जोन्सबरोबर १० विजय आणि प्लेऑफ.

नंतर रेडर्स संघाने त्याला मुख्य प्रशिक्षक केलं आणि २०२३ चा हंगाम निम्म्यावर असताना घालवलं. मुख्य प्रशिक्षक म्हणून डेन्व्हर आणि रेडर्स मिळून २० विजय, ३३ पराभव. संघ चालवणं त्याला जमलं नाही, यावर फारसा वाद नाही. पण त्याच्यामागे २०२२ मध्ये पेट्रियट्सने चाली सांगायचं काम मॅट पॅट्रिशियाकडे सोपवलं, जो त्याआधी तिथे बचावफळी सांभाळायचा. आदल्या वर्षी प्लेऑफला नेणारा तोच मॅक जोन्स त्या हंगामात चाचपडत राहिला. २०२५ मध्ये पेट्रियट्सचा नवा मुख्य प्रशिक्षक माइक व्रेबलने मॅकडॅनियल्सला त्याच जुन्या पदावर परत बोलावलं. या वेळी क्वार्टरबॅक होता ड्रेक मे.